मास्तरकी सोडलेली माणसं

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावी समाजमंदिरात झालेल्या भाषणाचा मजकूर. बोललो ते नंतर लिहून काढलं. भाषा बोलण्यातलीच ठेवली आहे.)

मित्रांनो, आयाबहिणींनो, आणि समोर सतरंजीवर बसलेले सर,

मला भाषण येत नाही. मी मॅट्रिक. मुंबईच्या गोदीत कंत्राटावर माल उतरवतो आणि रात्री कविता लिहितो. दोन्ही कामांत पाठ दुखते. तेव्हा चुकलंमाकलं तर सर इथंच बसलेत, कान धरतील. पूर्वीही धरलाय.

आपल्या यवतमाळातून मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला गाडी आता बंद पडलीय. ती इंग्रजांच्या काळात टाकली ती कापसासाठी. इथला कापूस मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढायचा, तिथून मुंबईच्या धक्क्यावर, तिथून जहाजानं मँचेस्टरला. म्हणजे इथून गोदीला जायची वाट जुनीच आहे. आधी कापूस गेला, मग त्याच वाटेनं माणूस गेला. मी त्यातलाच एक.

दोन महिन्यांमागं मला सरांचा फोन आला. म्हणाले, "लेका, किती दिवस पोती वाहशील? सोड ती गोदी. गावाकडे ये. आपण जलसा उभा करू. तू लिही, मी बसवतो." मी म्हणालो, विचार करतो सर. विचार झालाय. उत्तर फोनवर देता आलं असतं. पण इथं चारचौघांत देतोय, कारण हा प्रश्न एकट्या माझा नाही. इथं डी. एड. करून घरी बसलेले आहेत, शाळेत शिकवून पगार न मिळणारे आहेत, दुकानात मापं टाकता टाकता गाणी रचणारे आहेत. त्या प्रत्येकाच्या मनात एकदा तरी येतंच : सोडून द्यावं सगळं आणि नुसतं हेच करावं.

आधी सरांचं सांगतो. नव्या पोरांना ते फक्त रंगाचा डबा घेऊन सायकलवर फिरणारा माणूस म्हणून माहीत आहेत.

मी नववीत होतो तेव्हा सर आम्हाला चित्रकला शिकवायचे. कागदावर चित्रकला, पण प्रत्यक्षात सगळंच. शाळेतलं नाटक तेच लिहायचे, पडदा तेच रंगवायचे, ढोलकीवर तेच बसायचे. माझी पहिली कविता मी गणिताच्या वहीत मागच्या पानावर लिहिली होती. ती सरांनी पाहिली. मला वाटलं आता मार बसतो. त्यांनी फक्त एका शब्दाखाली रेघ मारली आणि म्हणाले, हा शब्द तुझा नाही, पुस्तकातला आहे, तुझ्या घरात याला काय म्हणतात ते लिही. माझं सगळं साहित्याचं शिक्षण ते एवढंच.

शाळा विनाअनुदानित. सरांना आठ वर्षं पगार नव्हता. 'कायम विनाअनुदानित' या शब्दांतला 'कायम' सरकारनं २००९ साली काढला, तेव्हा शाळेत पेढे वाटले होते म्हणतात. पेढे संपले, पगार काही आला नाही. दिवसा शिकवायचं आणि रात्री कृषी केंद्राच्या पाट्या रंगवायच्या. मग कधीतरी मान्यतेचा कागद हलायची वेळ आली, तर संस्थेच्या माणसानं आकडा सांगितला. आठ वर्षं फुकट राबलेल्या माणसाला त्याच्याच नोकरीची किंमत सांगितली! सरांनी तो आकडा फळ्यावर लिहिला, खाली सही केली आणि घरी आले. गावानं म्हटलं, मास्तर येडा झाला. माझी मायही म्हणाली, "काहून सोडली बाप्पा मास्तरकी? आज ना उद्या भेटला असता पगार."

तेव्हापासून सर स्वतंत्र कलावंत. पाट्या रंगवत होते तर फ्लेक्सचं यंत्र आलं. तासाभरात फोटोसकट बोर्ड छापून मिळायला लागला, ब्रश उपाशी पडला. मग सिमेंटच्या मूर्ती सुरू केल्या. बुद्ध, बाबासाहेब, सावित्रीमाय. मग कापूसवाल्याच्या विधवेवर नाटक लिहिलं आणि दारव्हा, दिग्रस, आर्णीकडच्या गावांत पारावर केलं. गाणी लिहिली, चाली लावल्या, पोरांना शिकवली. चार-चार कला एका माणसात, आणि चारींचं मिळून एका माणसाचं पोट भरत नाही.

आता मी एका दुसऱ्या मास्तराचं सांगणार आहे. नाव ऐकून काही मित्र नाक मुरडतील. प्रल्हाद केशव अत्रे. सासवडजवळच्या कोडीतचे, जन्म १३ ऑगस्ट १८९८, जात ब्राह्मण. आमच्या व्यासपीठावर अत्रे कशाला, असं कुणी विचारेल. तर हिशोब मांडायला. मास्तरकी सोडून एवढ्या कला एका हातात धरणारा आणि त्यावर जगून दाखवणारा इतका मोठा माणूस मराठीत मला दुसरा दिसत नाही. तो कसा जगला हे आपण नीट बघितलं पाहिजे. आरती करायला नाही, आणि शिव्या घालायलाही नाही. गोदीत नवीन माल आला की आम्ही आधी त्याचं वजन बघतो, मग पाठ लावतो. तसं.

अत्रे पुण्याच्या कॅम्पातल्या शाळेचे हेडमास्तर होते. एखाददुसरं वर्ष नाही, उमेदीची बरीच वर्षं. लंडनला जाऊन शिकवण्याची पदविका घेऊन आले. मुलांसाठी 'नवयुग वाचनमाला' काढली. आजही म्हातारी माणसं त्या पुस्तकांची आठवण काढतात, कारण त्यांतली मराठी पोरांच्या तोंडात बसणारी होती. हा माणूस पुढं लाखांच्या सभेत लोकांना तास-तास हसवत-रडवत ठेवायचा, ते कुठं शिकला असेल? मी म्हणतो, वर्गात. साठ पोरं समोर, त्यातल्या चाळीसांचं लक्ष खिडकीबाहेर. त्यांना धरून ठेवायचं तर आवाज कधी चढवायचा, कधी थांबायचं, विनोद कुठं टाकायचा हे रोज शिकावं लागतं. आपले सरही तिथंच शिकले. मास्तराला रंगमंच वेगळा शोधावा लागत नाही. तो रोज दहा ते पाच त्याच्यावरच उभा असतो.

दुसरी गोष्ट नीट ऐका. अत्र्यांनी एका रात्रीत नोकरी सोडली नाही. 'झेंडूची फुले' १९२५ साली आली, तेव्हा ते मास्तरच होते. 'साष्टांग नमस्कार' १९३३ साली रंगभूमीवर आलं, तेव्हाही मास्तर. 'घराबाहेर' १९३४, 'भ्रमाचा भोपळा' १९३५, 'उद्याचा संसार' आणि 'लग्नाची बेडी' १९३६. दिवसा शाळा, रात्री नाटक. नाटकाच्या फळीवर एक पाय घट्ट बसला तेव्हा १९३७च्या सुमाराला दुसरा पाय शाळेतून उचलला आणि सिनेमात ठेवला. १९३८ साली त्यांनी लिहिलेला 'ब्रह्मचारी' आला. मास्टर विनायकांनी तो काढला आणि त्यातल्या नायिकेच्या पोहण्याच्या पोशाखावरून गहजब झाला. कालपर्यंत हेडमास्तर असलेल्या माणसाच्या लेखणीतून हा सिनेमा! पुण्यातल्या सज्जनांना काय वाटलं असेल ते तुम्हीच समजा.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. १९४० साली अत्र्यांनी स्वतःचं 'नवयुग' साप्ताहिक काढलं. सिनेमे काढायला स्वतःची 'अत्रे पिक्चर्स' उभी केली. आणि १५ नोव्हेंबर १९५६ ला संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात 'मराठा' दैनिक सुरू केलं. म्हणजे काय झालं? आपलं लिहिलेलं छापा म्हणून कुणाच्या दारात उभं राहायचं कारण उरलं नाही. सिनेमा बुडाला तरी छापखाना चालू, नाटक पडलं तरी सभा चालू. एक दार लागलं की दुसरं उघडं. नुसता राजीनामा दिल्यानं माणूस स्वतंत्र होत नाही. हत्यार स्वतःचं असलं की होतो. आमच्या गोदीत हे पोरगंसुद्धा जाणतं : ज्याचा हूक त्याचा, त्याला थोडा मान. मुकादमाकडून हूक उसना घेणाऱ्याला आधी हूकचं भाडं, मग भाकर.

आता आपल्या कामाचं. १९५३ साली अत्र्यांनी साने गुरुजींच्या पुस्तकावर 'श्यामची आई' काढला आणि राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवलं. साने गुरुजी म्हणजे अंमळनेरच्या शाळेत शिकवणारे आणि १९३० साली सत्याग्रहासाठी शाळा सोडलेले. म्हणजे एका माजी मास्तरानं दुसऱ्या माजी मास्तरावर सिनेमा काढला. तो चालला. त्यानंतर हा माणूस काय काढतो? 'महात्मा फुले'. १९५४च्या जानेवारीत त्याचा मुहूर्त झाला, आणि तो कुणाच्या हातून? बाबासाहेबांच्या. बाबुराव पेंढारकर जोतीराव झाले, सुलोचनाबाई सावित्रीमाय झाल्या. जोतीराव जाऊन तेव्हा त्रेसष्ट वर्षं झाली होती. त्रेसष्ट वर्षं! तोवर किती देवादिकांचे, किती राजेमहाराजांचे सिनेमे निघाले असतील. ज्यानं पोरींसाठी शाळा काढली, आपल्या घरचा हौद आपल्यासाठी उघडा केला, त्याला पडद्यावर आणायला मास्तरकी सोडलेला एक माणूस लागला. स्वतःची सिनेमा कंपनी होती म्हणून आणू शकला. नोकरीत राहून आणला असता? मला नाही वाटत. चाकरीत राहून असलं काढायला कुणाची परवानगी काढायची?

'मराठा' सुरू होऊन एकवीस दिवस झाले होते, आणि ६ डिसेंबर उजाडला. ७ डिसेंबर १९५६ ला दादरच्या समुद्रावर बाबासाहेबांच्या चितेसमोर, लाखोंच्या पुढं, अत्र्यांनी भाषण केलं. मग आपल्या पेपरात लिहीत राहिले. त्या दिवसांत पांढरपेशांच्या कितीतरी लेखण्या मुक्या होत्या. अत्र्यांची नव्हती. हे मी विसरत नाही. आपण कुणीच विसरू नये.

पण त्याच दिवशी त्याच गर्दीत आणखी एक कलावंत होता. नामदेव व्हटकर. लिहिणारा, गाणारा, रेडिओवर काम केलेला आपला माणूस. बाबासाहेबांची अंत्ययात्रा फिल्मवर घ्यायची त्यांची धडपड चाललेली. पैसे कुणी देईना. शेवटी स्वतःच्या मालकीचं होतं ते गहाण टाकून त्यांनी कॅमेरा आणला. आज ६ डिसेंबरला आपण जी हलणारी चित्रं बघतो, ज्यात ती अफाट गर्दी दिसते, ती त्या गहाणातून आलेली आहेत. अत्र्यांचं भाषण कागदात राहिलं, कारण कागद त्यांच्या मालकीचा होता. आपला जनसागर पडद्यावर राहिला, कारण एका माणसानं आपलं सगळं पणाला लावलं. दोघंही स्वतंत्र कलावंतच. पण एकाच्या स्वातंत्र्याखाली छापखाना होता आणि दुसऱ्याच्या खाली कर्ज.

आता तिसरा माणूस. अत्रे गेले १३ जून १९६९ ला. त्यानंतर पस्तीस दिवसांनी, १८ जुलै १९६९ ला, मुंबईतच अण्णाभाऊ साठे गेले. दोघं संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात होते. दोघांनी लोकांसमोर उभं राहून शब्दांनी रान पेटवलं. कलांचा हिशोब करा. अण्णाभाऊ शाहीर, लोकनाट्यकार, कथाकार, कादंबरीकार. १९६१ साली रशियाला जाऊन आले आणि त्याचं पुस्तक लिहिलं. त्यांच्या कादंबऱ्यांवर सिनेमे निघाले. अत्र्यांपेक्षा कला कमी नव्हत्या. मग फरक कुठं? अत्र्यांजवळ सोडायला हेडमास्तरची खुर्ची होती. पदवी होती, लंडनचा कागद होता, उद्या सगळं बुडालं तरी पुन्हा वर्गात उभं राहायची सोय होती. अण्णाभाऊ वाटेगावच्या शाळेत दीडच दिवस गेले, असं सांगतात. त्यांना सोडायला काहीच नव्हतं. बापाबरोबर चालत मुंबईला आले, कोळसा वेचला, गिरणीत राबले, घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत बसून 'फकिरा' लिहिली. ते जन्मापासून 'स्वतंत्र' होते हो! पगार नाही, पेन्शन नाही, छापखाना नाही. पुस्तकं इतरांनी छापली, सिनेमे इतरांनी काढले. अण्णाभाऊ हलाखीत गेले.

म्हणून मला 'स्वतंत्र कलावंत' हा शब्द ऐकला की पहिल्यांदा विचारावंसं वाटतं : घरी धान्य किती आहे?

सर, रागावू नका. तुमच्या घरचंच सांगतो. तुमच्या घरी सत्काराच्या शाली सतरा आहेत. मी मोजल्यात. गव्हाचं पोतं मात्र अर्धं होतं. आणि ते अर्धं पोतं कुणी आणलं? काकूंनी. काकू अंगणवाडीत आहेत. त्यांच्या मानधनावर घर चाललं, पोरीची फी गेली, तुमच्या सिमेंटची पोतीसुद्धा आली. मूर्तीखाली तुमचं नाव आहे, काकूंचं नाही. त्या मागं बायकांत बसल्यात, आता मान खाली घालतील. पण हे एकदा बोललं पाहिजे. सरकारनं सरांच्या शाळेला अनुदान दिलं नाही. सरांच्या कलेला मात्र एका बाईनं न बोलता अनुदान दिलं. तेव्हा सर स्वतंत्र आहेत असं आपण म्हणतो ते अर्धंच खरं. दोन माणसांनी मिळून एक माणूस स्वतंत्र केलाय.

आणि आपण? गावानं काय केलं? १४ एप्रिलला सरांना बोलवायचं. रात्री दहापासून दोनपर्यंत गायला लावायचं. मग पुढाऱ्याच्या हातून शाल-श्रीफळ, फोटो, चहा, जयभीम, निघा. डीजेवाल्याला आगाऊ रोख मोजतो. मंडपवाल्याला मोजतो. फ्लेक्सवाल्याला तर आधी पैसे, मग बोर्ड. सरांना म्हणतो, "समाजाचं काम आहे सर, तुम्हाला काय सांगायचं!" समाजाचं काम फक्त कलावंतानंच फुकट करायचं काय रे? ज्या संस्थेनं आठ वर्षं फुकट राबवलं तिला आपण शिव्या देतो. मग आपण त्याहून वेगळे कसे? मी स्वतः या मंडळात होतो. पावतीपुस्तक माझ्या हातात असायचं. सरांच्या नावापुढं मी कधी आकडा लिहिला नाही. आज त्याची लाज वाटते.

तर आता माझं उत्तर, सर.

मी गोदी सोडत नाही. आज तरी नाही. तुम्ही म्हणाल घाबरला. होय, घाबरलो. माय थकलीय, बहीण शिकतेय, खोलीचं भाडं दर महिन्याला दारात उभं असतं. पण नुसती भीती नाही. माझी कविता गोदीतच येते. मी पोती वाहतो म्हणून ती उभी राहते. आणि अत्र्यांकडून मी एक शिकलो : दुसरा पाय टेकल्याशिवाय पहिला उचलायचा नाही. माझा दुसरा पाय अजून हवेत आहे. तुम्ही पाय उचललात तेव्हा खाली जमीन नव्हती. तुम्हाला ढकललं होतं. ढकललेल्या माणसाला आपण 'धाडसी' म्हणून टाळ्या देतो. पण टाळ्यांवर उभं राहता येत नाही.

पण जलसा उभा राहील. मी तुमच्यासाठी लिहीन. रात्रपाळी नसेल तेव्हा लिहीन आणि पाठवीन. वामनदादा कर्डक मुंबईच्या चाळीत मोठेपणी अक्षरं शिकले आणि जन्मभर गावोगाव गात फिरले. त्यांना गावं होती, घरं होती, जेवायला ताट होतं. आपण ताटाच्या पुढं जायचं. बिदागी ठरवायची.

माझं म्हणणं साधं आहे. आजूबाजूची बारा गावं धरा. प्रत्येक गावानं वर्षातून एक प्रयोग घ्यायचा. म्हणजे महिन्याला एक. बिदागी आधी ठरवायची, आधी द्यायची, वहीत लिहायची. त्यातला एक हिस्सा बाजूला ठेवायचा. त्यातून आधी ध्वनिक्षेपक, मग कॅमेरा. ही हत्यारं जलशाच्या मालकीची. उद्या सर थकले तर दुसरा कुणी धरील. जी पोरं मोबाईलवर दिवसभर दुसऱ्यांचं बघतात त्यांनी सरांची नाटकं टिपून ठेवायची. नाहीतर पन्नास वर्षांनी कुणीतरी बाहेरचा येईल, सरांवर सिनेमा काढील, आणि आपण तिकीट काढून बघायला जाऊ.

आणि ज्यांच्या डोक्यात नोकरी सोडायचं घोळतंय त्या मित्रांना एवढंच : सोडू नका असं मी म्हणणारा कोण? पण सोडण्याआधी घरी ज्या बाईच्या जिवावर सोडणार आहात तिला विचारा. ती नको म्हणाली तर तेही ऐका. आणि ज्यांना आधीच ढकललंय त्यांना एकटं टाकू नका.

वही मी बरोबर आणलीय. गणिताचीच आहे. पहिल्या पानावर मी माझं नाव लिहिलंय, पुढं माझी एका दिवसाची हजेरी, दर महिन्याची. सरांच्या नावापुढं आता आकडा लिहायचा आहे. तो मी लिहिणार नाही. तो काकूंनी सांगावा. घराला किती लागतं हे त्यांच्याशिवाय कुणाला माहीत नाही.

पेन घ्या. जयभीम.